घनता, चौऱ्याण्णव टक्के पक्की

*या आठवड्यात सातवी अ काय शिकत आहे (पालकांसाठी, दर सोमवारी)*

*मराठी : पत्रलेखन. पक्कं ८१ टक्के.*
*गणित : परिमेय संख्या. पक्कं ७२ टक्के.*
*भूगोल : भरती-ओहोटी. पक्कं ८४ टक्के.*
*इतिहास : आरमार. पक्कं ८८ टक्के.*
*विज्ञान : घनता. पक्की ९४ टक्के. शाळेत आजवर कोणत्याही घटकाला मिळालेली ही सर्वांत वरची नोंद आहे. मगदूम बाईंचे अभिनंदन.*

*सूचना : डब्यात गोड देऊ नये. विसाव्याच्या तासाला मुलांना झोप लागत नाही.*

प्र. १. व्याख्या लिहा.

घनता म्हणजे मनवाची बॅग. (अथांग चौगुले)

घनता म्हणजे आधी बॅग पालथी करतात आणि मग सगळे हसतात. (रिद्धी बोहरा)

लोखंड पाण्यात बुडते कारण ते (आयान जमादार, पुढे कोरं)

घनता = पेन्सिली ÷ मुले. (समर्थ खोत)

त्रिशला मगदूम शिक्षकांच्या खोलीत सातवी अच्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. वय सेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षं, विषय विज्ञान, गाव इचलकरंजी. समर्थची उत्तरपत्रिका त्यांनी दोनदा वाचली. भागाकाराचं चिन्ह बरोबर जागी होतं.

वर्गात मुलं अडतीस. उत्तरपत्रिका सदतीस, कारण मनवा उरुणे आठवडाभर शाळेत आली नव्हती. सदतीसपैकी एकतीस जणांनी बॅगेचा किंवा पेन्सिलींचा उल्लेख केला होता. चौघांनी जागा कोरी सोडली होती. वस्तुमान भागिले आकारमान असं लिहिणारे दोघेच निघाले. बाईंनी हजेरीपट मागवला. ते दोघं नऊ ऑक्टोबरच्या बुधवारी गैरहजर होते.

त्यांनी लाल पेन टोपणात घातलं आणि बराच वेळ टोपण दाबून धरलं.

प्र. २. शास्त्रीय कारण द्या.

वर्गात शिकलेलं डोक्यात लगेच पक्कं होत नाही. मेंदूच्या आतल्या भागात एक लहानशी वळकटी असते, दिवसभराचं सगळं आधी तिथे पडतं, कच्चं. झोप लागली की ही वळकटी दिवसातले तुकडे पुन्हा पुन्हा चालवून पाहते. जो तुकडा जास्त वेळा चालतो तो मेंदूच्या बाहेरच्या थरात कायमचा जाऊन बसतो. उरलेले विरतात. कोणता तुकडा चालवायचा हे झोपलेला माणूस ठरवू शकत नाही.

बाहेरचा माणूस मात्र थोडंफार ठरवू शकतो. शिकताना एखादा विशिष्ट सूर हळू आवाजात वाजत असेल आणि तोच सूर गाढ झोपेत पुन्हा वाजवला, तर मेंदू नेमका तोच तुकडा उचलतो. हे गेल्या शतकाच्या अखेरीपासून संशोधकांना माहीत होतं. नवीन इतकंच की आता ते शाळेत आलं होतं. दुपारी एक दहा ते एक पन्नास हा विसाव्याचा तास. मुलं वर्गातच सतरंज्यांवर आडवी होतात, कपाळाला कापडी पट्टी बांधतात, पट्टी झोपेची खोली मोजते, योग्य क्षणी कानात सूर सोडते आणि त्या सुराचा तुकडा किती टक्के पक्का झाला ते नोंदवते.

प्रत्येक घटकाला स्वतंत्र सूर. घनतेचा सूर लांबून कुणी स्टीलच्या पेल्यावर चमचा टेकवावा तसा होता. तास चालू असताना तो छतातून चाळीस सेकंदांनी एकदा यायचा. पहिले दोन दिवस मुलांना ऐकू येतो, मग येत नाही.

कोणत्या तासाला कोणता सूर वाजवायचा, हे यंत्राला टाचणावरून कळतं.

टाचण म्हणजे शिक्षकाने रोज काय शिकवणार ते आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. तशी ही पद्धत फार जुनी आहे, आणि तितकीच जुनी दुसरीही एक पद्धत आहे. रविवारी दुपारी, चहा पिताना, मागच्या वर्षीचं टाचण उघडायचं आणि अख्ख्या आठवड्याचं उतरवून काढायचं. पूर्वी वहीत उतरवायला दोन तास लागायचे. आता पडद्यावर एक बोट लागतं. साहेब येऊन टाचण बघतात, वर्ग बघत नाहीत, हे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी टाचण खरं धरलं.

प्र. ३. घडलेला प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा.

नऊ ऑक्टोबर, बुधवार, चौथा तास, अकरा पंचावन्न. टाचणात घनता. साहित्य : वजनपेटी, लाकडी ठोकळा, चंचुपात्र.

बाईंनी वजनपेटी उघडली तर पन्नास ग्रॅमची खाच रिकामी. त्याच दुपारी प्रयोगशाळेची साठा तपासणी होती. पेटी प्रयोगशाळेतून वर्गात आणायचं काम त्या आठवड्यात मनवा उरुणेकडे होतं.

"पन्नासचं वजन कुठंय?"

"पेटीत असेल बाई."

"पेटी माझ्यासमोर आहे मनवा. पेटीत असतं तर तुला विचारलं असतं का?"

"मी घेतलं नाही."

"बॅग आण."

"बाई, मी घेतलं नाही."

बाईंनी बॅग टेबलावर पालथी केली. वह्या, डबा, कंगवा, कंपास आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत पेन्सिलींचे तुकडे. एक्केचाळीस. सगळ्यांत लहान तुकडा करंगळीच्या नखाएवढा.

वजन नव्हतं. पण मुलं बाकांवरून उठून टेबलापाशी आली होती.

"ही माझीये."

"ही पण माझी. हिच्यावर माझे दात आहेत बघ."

"अगं, ही तर मी पहिल्या सत्रात टाकली होती."

हशा थांबत थांबत पुन्हा येत होता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी थांबवलंही नाही. त्या वजन शोधत होत्या. मनवाने आणखी दोनदा सांगितलं, मी घेतलं नाही. बॅगेचे कप्पे पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या कशाला जमवल्यास?"

"टाकलेल्या होत्या."

"टाकलेलं उचलायचं असतं का?"

तास असाच गेला. घनता शिकवली गेली नाही. छतातून चाळीस सेकंदांनी एकदा, पस्तीस मिनिटं, पेल्यावर चमचा टेकत राहिला.

गुरुवारी सकाळी साडेदहाला बाई सही करायला मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. पंख्याखाली परिपत्रकांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर पन्नास ग्रॅमचं पितळी वजन.

"हे इथं कसं सर?"

"कागद उडत होते," हुक्केरी सर म्हणाले. "प्रयोगशाळेत तुम्ही नव्हता, म्हणून उचललं. का, लागत होतं?"

व्हरांड्यात मनवा दिसली. बाई चालता चालता म्हणाल्या, "वजन सापडलं हं." मनवा म्हणाली, "बरं." वर्गाला बाईंनी काही सांगितलं नाही. आठ दिवसांत मुलं विसरतील असा त्यांचा अंदाज होता. बावीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता. मुलं खरोखरच विसरायची.

पुढचे नऊ दिवस दुपारी, गाढ झोपेत, सदतीस मुलांच्या कानात घनतेचा सूर वाजला. मनवाच्याही.

प्र. ४. पत्रलेखन.

*प्रति, मुख्याध्यापक साहेब यांस,*

*विषय : शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.*

*माझी मुलगी कुमारी मनवा सातवी अमध्ये आहे. तिला वर्गातली सगळी मुलं मुली घनता म्हणून हाक मारतात. मी विचारलं घनता म्हणजे काय तर ती सांगत नाही. तिला झोपेत तोच प्रसंग दिसतो म्हणते. ती शाळेला यायला तयार नाही. तरी शनिवारपर्यंत दाखला द्यावा. दुसऱ्या शाळेत पट्टी नाही असं कळलं.*

*आपली विश्वासू,*
*शोभा बाळासो उरुणे*

प्र. ५. संवाद लिहा.

जुबेर मुजावर हा शाळेचा पट्टीवाला. पदाचं नाव मोठं होतं, पण सगळे पट्टीवालाच म्हणायचे. चौदा वर्षांपूर्वी तो बाईंच्याच वर्गात होता. मंगळवारी बाई त्याच्या खोलीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन गेल्या.

"बाई, नऊ तारखेच्या बुधवारी चौथ्या तासाला शिकवत होता का तुम्ही?"

"टाचणात आहे."

"टाचणात तर माझ्या वेळेलाही असायचं."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी जे झालं ते सांगितलं. ऐकून झाल्यावर जुबेरने पडद्यावर एक आलेख काढला.

"हे त्या तासाचं लक्ष, सूर सोडणारं छतातलं यंत्रच मोजतं. सगळ्या पोरांचं. पस्तीस मिनिटं एकाचीही रेघ खाली आली नाही. मी इथं आल्यापासून असा तास बघितला नाही. मला वाटलं बाईंना आता शिकवायला यायला लागलं."

"जुबेर."

"सॉरी बाई."

"निघेल का हे?"

"निघायचं म्हटलं तर दोन रस्ते आहेत." त्याने बोटाने टेबलावर रेघ ओढली, मग दुसरी ओढली नाही, बोट तिथेच ठेवलं. "पहिला, विरळ करायचं. झोपेत तोच सूर वाजवायचा, पण दुसऱ्या चार सुरांत मिसळून, चुकीच्या वेळी. मेंदू गोंधळतो. पाच-सात दिवसांत आठवण फिकी होते. कुणाला काही सांगायला नको. पण वर्गातल्या प्रत्येकाने पट्टी बांधायला पाहिजे, नाहीतर एकाला आठवत राहतं आणि तो बाकीच्यांना सांगतो."

"म्हणजे मनवानेही."

"तिने तर आधी."

"आणि दुसरा?"

"दुसरा, उघडायचं. जागेपणी आठवण काढली की ती काही तासांपुरती मऊ पडते. हे सगळ्यांच्याच डोक्यात होतं, त्यात पट्टीचं काही नाही. तेवढ्या वेळात तिच्यात नवं काही घातलं तर ते आत जातं, आणि पुन्हा घट्ट होताना सगळं एकच होऊन बसतं. पण तोच वर्ग पाहिजे, तोच तास, तोच सूर, तशीच सुरुवात. आणि मग पोरांना अजिबात अपेक्षा नसेल असं काहीतरी घडायला पाहिजे. नुसतं सॉरी म्हणून भागणार नाही बाई. सॉरी पोरांना पाठ आहे. ओळखीचं वाटलं की मेंदू दार लावून घेतो, जुनंच आणखी घट्ट होतं."

"एकदाच करता येतं?"

"एकदाच. त्याच दुपारी विसाव्याला सूर लावायचा. जे घातलं असेल ते बसलं. पुन्हा काढायला मला नका सांगू."

प्र. ६. फरक स्पष्ट करा. (कोणतेही दोन मुद्दे)

हुक्केरी सरांना फरक पटकन कळला.

"विरळ करा," ते म्हणाले. "शनिवारी पडताळणी अधिकारी येतोय. तुमच्या चौऱ्याण्णव टक्क्यांमुळेच येतोय. तीन दिवसांत जेवढं फिकं होईल तेवढं होऊ द्या. उरलेल्या वेळात पोरांकडून व्याख्या घोकून घ्या."

"सर, उघडलं तर."

"उघडलं तर काय होईल ते मी सांगतो. बुधवारचं टाचण खोटं होतं हे अडतीस घरांत कळेल. मग लोक मंगळवारचं विचारतील. मग भूगोलाचं विचारतील. माझं नागरिकशास्त्राचं टाचण जूनपासून मागच्या वर्षीचं आहे. मागच्या वर्षीचं त्याच्या मागच्या वर्षीचं होतं. योजना गेली तर पट्ट्या जातील, जुबेरची नोकरी जाईल. हा एक मुद्दा."

"दुसरा?"

"दुसरा तुमच्यासाठी आहे. सदतीस पोरं विसरतील. ती पोरगीही विसरेल. ज्या गोष्टीची कुणालाच आठवण नाही, तिने कुणाचं नुकसान होतं ते मला दाखवा. मी लगेच उघडायला परवानगी देतो."

सरांचं म्हणणं बाईंना पटलं होतं. खरं तर त्यांना हायसं वाटलं होतं, आणि उरुणेंच्या घराकडे जाताना त्या बऱ्याच दिवसांनी भरभर चालल्या.

प्र. ७. खालीलपैकी एकाची मुलाखत घ्या.

शोभा उरुणे एका कापड कारखान्यात तपासनीस होत्या. दिवसभर उजेडाच्या टेबलावरून सरकणाऱ्या कापडातले तुटके धागे शोधायचे. साडेपाचला घरी आल्या तेव्हा बाई दारात उभ्या होत्या.

"या की बाई. दाखला घेऊन आलासा व्हय?"

"नाही. मनवाशी बोलायचं होतं."

"बोला. माझ्याशी तर बोलत न्हाई. तुमी तिची बॅग बघितलीसा म्हणं."

"हो."

"मग घावलं का काय?"

"नाही."

"आमच्यात कापडात दोष न्हाई निघाला तर तसं लिवून द्यावं लागतं," शोभाताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मनवा जिन्याच्या पायरीवर बसली होती. बाई खालच्या पायरीवर बसल्या. त्यांनी पहिला रस्ता समजावून सांगितला. उद्यापासून यायचं, पट्टी बांधायची, झोपायचं. काही दुखत नाही. थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या डोक्यातून जाईल.

"माझ्या पण?"

"तुझ्या तर नक्की. तुला झोपेत दिसणार नाही मग."

मनवाने विचार केला. तिला घाई नव्हती.

"बाई, मी चार वेळा म्हणाले होते, मी घेतलं नाही. ते पण जाईल?"

"सगळंच जाईल."

"मग मी घेतलं नव्हतं हे कुणाला माहीत राहणार?"

"मला."

"तुम्हाला तर आत्ता पण माहीतेय."

आत कपबश्या वाजल्या. बाईंनी पदर सारखा केला, तो सारखाच होता.

"सगळ्यांना विसरायला लावू नका," मनवा म्हणाली. "त्यांना अर्धंच माहीतेय. पुढचं सांगा."

"ते सोपं नाही मनवा. नुसतं सांगून आत जात नाही. तशीच सुरुवात करावी लागेल. तुला पुन्हा बॅग घेऊन पुढं यावं लागेल."

"येईन."

"आणि मग त्यांना वाटत नसेल असं काहीतरी व्हायला पाहिजे. काय ते मलाच कळेना झालंय."

"मी विचारते तुम्हाला," मनवा म्हणाली. "तुम्ही माझ्या जागेवर उभ्या राहा."

प्र. ८. प्रयोग.

साहित्य : वजनपेटी, एक शाळेची बॅग, एक शिक्षिका, सदतीस मुलं, एक मुलगी, सूर.

कृती :

शुक्रवार, चौथा तास, अकरा पंचावन्न. हुक्केरी सर तालुक्याला बैठकीला गेले होते. बाईंनी त्यांना विचारलं नव्हतं. छतातून सूर आला. मुलांना तो ऐकू आला नाही, पण सतरा-अठरा मुलांनी एकाच वेळी मनवाच्या बाकाकडे पाहिलं.

बाईंनी पेटी उघडली. "पन्नासचं वजन कुठंय?"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "घनताकडं."

"मनवा, बॅग आण."

मनवाने बॅग आणून टेबलावर ठेवली. अथांग आणि रिद्धी उठून पुढे यायला लागले, न सांगता. मग बाई टेबलामागून बाहेर आल्या, टेबलाच्या पुढे, फळ्याच्या कडेला, जिथे चुकलेल्या मुलांना उभं करतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या. हात दोन्ही बाजूंना सोडले. मनवा टेबलामागे गेली.

अथांग वाटेतच थांबला.

"बाई," मनवाने विचारलं, "वजन कुठं सापडलं?"

"मुख्याध्यापकांच्या खोलीत. टेबलावर. कागदांवर ठेवलं होतं."

"कुणी नेलं होतं?"

"सरांनी."

"कधी सापडलं?"

"दुसऱ्याच दिवशी. सकाळी साडेदहाला."

"माझ्या बॅगेत होतं का?"

"नव्हतं."

"मी घेतलं होतं का?"

"नाही. तू चार वेळा सांगितलंस. मी एकदाही ऐकलं नाही."

समर्थ खोत हसला. एकटाच हसला, आणि आपण एकटेच आहोत हे कळल्यावर बाकाच्या कडेकडे बघत बसला.

"मग वर्गाला का नाही सांगितलं?"

ह्या प्रश्नाची दोन उत्तरं बाई घरून तयार करून आल्या होत्या. पहिल्यात साठा तपासणी होती. दुसऱ्यात कामाचा ताण होता. दोन्ही त्यांनी बाजूला ठेवली. सूर येऊन गेला. पुन्हा येऊन गेला. मनवा थांबली होती. तिने मदत केली नाही.

"सांगायचं नव्हतं मला," बाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर चुकले असं म्हणायचं नव्हतं. तुम्ही विसराल म्हणून वाट बघितली."

रिद्धी बोहरा अजून टेबलापाशीच उभी होती. "बाई, मग तो तास कसला होता?"

"टाचणात घनतेचा."

"शिकवली नाहीत तुम्ही."

"नाही शिकवली."

"आणि आम्ही परीक्षेत लिहिलं ते?"

"ते मी शिकवलेलंच लिहिलंत तुम्ही."

मनवाने बॅग उचलली. तिला आणखी काही विचारायचं नव्हतं. बाई मात्र घंटा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, आणि पोरांनी त्यांच्याकडे पाहत राहण्यापलीकडे काही केलं नाही.

निरीक्षण :

जुबेरच्या पडद्यावर सगळ्यांच्या रेघा पुन्हा वर. एकही खाली नाही.

एक दहाला सतरंज्या पसरल्या गेल्या. मनवाने पट्टी बांधली नाही, ती दाराशी भिंतीला टेकून बसली. जुबेर व्हरांड्यात बाईंपाशी आला.

"शेवटचं विचारतो बाई. हे बसलं की बसलं. एरवी पोरं शिक्षकांना विसरतात, आम्हीही विसरलो कितीजणांना. ही विसरणार नाहीत. पन्नाशीला आली तरी घनता म्हटलं की तुम्हीच दिसणार. फळ्यापाशी, हात सोडून."

"बाकी काही दिसणार नाही का माझं? बावीस वर्षांतलं?"

"त्याला सूर नव्हता बाई."

वर्गात मुलांचे श्वास संथ झाले होते. अथांगचं तोंड उघडं होतं.

"लाव," बाई म्हणाल्या.

अनुमान :

(जागा कोरी.)

प्र. ९. तोंडी परीक्षा.

पडताळणी अधिकाऱ्याचं नाव देशमाने. तरुण होता, बूट नवे होते. शनिवारी सकाळी तो सातवी अमध्ये आला तेव्हा हुक्केरी सर त्याच्या उजव्या हाताला होते आणि अजून खूश होते. कालचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. खिडकीबाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर, शोभा उरुणे अर्ध्या दिवसाची रजा टाकून दाखल्यासाठी बसल्या होत्या.

"चौऱ्याण्णव टक्के," देशमाने म्हणाला. "राज्यात कुठेच नाही. बघू या. तू सांग, घनता म्हणजे काय?"

अथांग चौगुले उभा राहिला. पाठ केलेलं सांगताना मुलं वर बघतात तसा तो वर बघत नव्हता.

"मनवाकडं पेटी होती. बाईंनी तिची बॅग पालथी केली. वजन बॅगेत नव्हतं, सरांच्या टेबलावर होतं. मनवाने घेतलं नव्हतं. बाई चुकल्या."

देशमानेने हातातल्या यादीकडे पाहिलं. "मी घनता विचारली."

"तेच सांगितलं सर."

"बस. तू सांग."

रिद्धी उभी राहिली. "आम्ही तिच्या पेन्सिलींना हसलो. तिने त्या चोरल्या नव्हत्या, आम्हीच टाकल्या होत्या. वजन दुसऱ्या दिवशी सापडलं पण बाईंनी सांगितलं नाही. मग परवा, नाही, काल सांगितलं. फळ्यापाशी उभं राहून."

हुक्केरी सरांनी चष्मा काढला. देशमाने आता भराभर विचारत होता, रांगेने, जणू कुणीतरी एकजण तरी वेगळं सांगेल. आयान जमादारने सांगितलं. समर्थ खोतने सांगितलं. त्याने आपण हसलो होतो हेही सांगितलं, दोन्ही वेळचं. शब्द प्रत्येकाचे निराळे होते. क्रम एकच होता.

"मगदूम बाई," देशमाने वळला, "ह्या घटकात तुम्ही नेमकं काय शिकवलंत?"

"त्या बुधवारी काही नाही," बाई म्हणाल्या. "काल हे."

"आणि टाचणात?"

"टाचण खोटं आहे."

देशमानेने लिहिलं. मग पुढच्या बाकाकडे बोट केलं, कारण त्याला अडतीसही जणांना विचारायचंच होतं, आणि पुढची मुलगी उभी राहिली. मनवा सहाव्या रांगेत होती. तिची पाळी यायला अजून वेळ होता. ती ऐकत होती.

व्हरांड्यात शाळेचा लिपिक दाखला घेऊन आला. सही-शिक्का झालेला होता. त्याने कागद शोभाताईंपुढे धरला, पेनही धरलं. "इथं सही करा, मिळाला म्हणून."

शोभाताई खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही.

"थांबा वाईच," त्या म्हणाल्या. "अजून सांगायल्यात पोरं."